डिस्क ठणठणीत, तरी रेडमधून गायब: होम सर्व्हरमधला पॉवरचा दोष कसा शोधावा

लक्षणं बहुतेक वेळा अशी असतात. चार हार्ड डिस्कपर्यंत सर्व्हर मुकाट चालतो. पाचवी-सहावी जोडली की काही आठवडे बरे जातात आणि मग एका सकाळी रेड (अनेक डिस्क मिळून एक साठा करणारी व्यवस्था) ‘डिग्रेडेड’ दिसते. एक डिस्क यादीतच नाही. सर्व्हर बंद करून चालू केला की ती परत हजर, स्मार्ट टेस्ट (डिस्कची स्वतःची तब्येत-तपासणी) पास, बॅड सेक्टर शून्य. रेड पुन्हा जोडून घेतली की काही दिवस शांतता, आणि मग तीच डिस्क किंवा तिची शेजारीण पुन्हा बेपत्ता.

या दुखण्यावर लोक कोणत्या क्रमाने पैसे घालवतात तेही ठरलेलं आहे. आधी नवी डिस्क, मग साटा केबल (डिस्कची डेटा केबल), मग कंट्रोलर कार्ड आणि सगळं करून झालं की मोठ्या वॅटचा एसएमपीएस, म्हणजे सर्व्हरचा पॉवर सप्लाय. त्यानेही कधी गुण येतो, कधी येत नाही, कारण जुन्या एसएमपीएसला लावलेला स्प्लिटर (एका तोंडाची अनेक तोंडं करणारी वायर) उचलून तसाच नव्याला लावलेला असतो. सहा-आठ डिस्कच्या घरगुती सर्व्हरमध्ये एसएमपीएसचे एकूण वॅट कमी पडणं दुर्मीळ आहे. एसएमपीएसपासून डिस्कपर्यंतच्या पाऊण मीटर वायरीत आणि तिच्या कनेक्टरांत खोट असणं नेहमीचं आहे. शोध तिथूनच सुरू करावा असं माझं मत आहे.

त्याआधी एक सूचना. डिस्क गळाली म्हणून लगेच रिबिल्ड (रेडची फेरजुळणी) लावू नका. रिबिल्डमध्ये सगळ्या डिस्क तासन्‌तास एकदम राबतात आणि दोष पॉवरचा असेल तर नेमकी त्याच वेळी दुसरी गळण्याची भीती असते. रेड ५ मध्ये दुसरी डिस्क गेली की ॲरे (रेडमधल्या डिस्कचा गट) बसलाच. आधी बॅकअप ताजा आहे का ते पाहा आणि पॉवरचा निकाल लागेपर्यंत ॲरे फक्त वाचण्यापुरता चालू ठेवा.

आधी डिस्कचे आकडे वाचा

स्मार्टच्या तक्त्यात ‘पास’ या शब्दाला फारसा अर्थ नाही. त्याखालचे आकडे बोलतात. ‘स्मार्टसीटीएल’ ही कमांड चालवून प्रत्येक डिस्कचे चार आकडे कागदावर उतरवून घ्या: १२ क्रमांकाचा पॉवर सायकल काउंट, १९२ क्रमांकाचा पॉवर-ऑफ रिट्रॅक्ट काउंट, १९९ क्रमांकाचा सीआरसी एरर काउंट (डेटा वाटेत बिघडल्याची मोजणी), आणि ५ किंवा १९७, म्हणजे खराब वा संशयित सेक्टर.

एकाच वेळी घेतलेल्या, एकाच डब्यात राहणाऱ्या डिस्कचा १२ नंबर साधारण सारखाच वाढायला हवा, कारण सर्व्हर चालू-बंद होतो तो सगळ्यांसाठी एकदमच. पाच डिस्कवर हा आकडा ४० च्या आसपास आणि सहावीवर ७० असेल, तर त्या सहाव्या डिस्कची वीज सर्व्हर चालू असताना अधूनमधून जाते आहे. यापेक्षा सरळ पुरावा मिळणं कठीण. १९२ मध्येही असाच फरक दिसला तर हेड अचानक मागे घ्यावे लागले, म्हणजे वीज नीट निरोप न घेता गेली. १२ नंबर सर्वांचा सारखा आणि फक्त १९९ वाढतो आहे, तर दोष बहुधा डेटा केबलचा; ती बदला. १९९ चा जुना आकडा कधी शून्य होत नाही, तो पुढे वाढतो का एवढंच पाहायचं. ५ किंवा १९७ वाढत असेल तर डिस्कच थकली आहे, पॉवरच्या मागे लागू नका.

दुसरा साक्षीदार म्हणजे कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग. ‘डीमेसेज’ कमांडने दिसणाऱ्या या लॉगमध्ये ‘साटा लिंक डाउन’ किंवा ‘हार्ड रिसेटिंग लिंक’ या ओळी केबल आणि पॉवर दोन्हींच्या दोषात येतात, त्यामुळे नुसत्या त्या पाहून काही ठरवता येत नाही. वेळ पाहा. केबलच्या दोषात लिंक एक-दोन सेकंदांत परत उभी राहते. पॉवर गेलेली असेल तर डिस्कला पुन्हा फिरायला लागून पूर्ण वेग गाठावा लागतो. त्याला दहा-बारा सेकंद लागतात आणि मध्ये कर्नल ‘लिंक इज स्लो टू रिस्पॉन्ड, प्लीज बी पेशंट’ असं छापतो. ही ओळ सर्व्हर सुरू होताना दिसली तर हरकत नाही. रात्री पावणेदोनला दिसली तर ती डिस्क नुकतीच मेली होती आणि पुन्हा उठते आहे. सर्व्हर झोपायच्या खोलीत असेल तर ते ऐकूही येतं: एक ‘टक्’, क्षणभर शांतता, आणि मग चढत जाणारी घरघर.

घटनेची तारीखही पाहा. डेबियन लिनक्सवर एमडी-रेडची (लिनक्सच्या स्वतःच्या रेडची) तपासणी मूळ सेटिंगनुसार महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर सुरू होते, झेडएफएस या फाइल सिस्टिमचा स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) दुसऱ्या रविवारी. तुमची डिस्क दर वेळी रविवारी पहाटेच गळत असेल तर ग्रहनक्षत्रं बघायची गरज नाही. सगळ्या डिस्कची डोकी एकदम धावायला लागतात आणि कच्चा सांधा तेव्हाच उघडा पडतो.

वॅटचा हिशोब एकदा करून टाकू

साडेतीन इंची डिस्क १२ व्होल्टवर मोटर फिरवते आणि ५ व्होल्टवर सर्किट चालवते. फिरत असताना ती ५ ते ८ वॅट घेते. थांबलेली प्लेट फिरवायला लागते तेव्हा मात्र १२ व्होल्टवर १.८ ते २ अँपिअर ओढते, म्हणजे एका डिस्कला सुमारे २४ वॅट, काही सेकंदांपुरते. सहा डिस्क एकदम सुरू झाल्या की १२ अँपिअर, १४४ वॅट. ५ व्होल्टचे पंधरा-वीस वॅट वेगळे. प्रोसेसर आणि बोर्डाचे साठ धरले तरी सव्वादोनशेच्या आत. नंतर सगळं मिळून शंभरच्या आसपास.

चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला ३० अँपिअरच्या वर मिळतात. मग अडलं कुठे? एक अडचण खरी आहे: कॅबिनेटसोबत फुकटात येणारे एसएमपीएस. त्यांच्या लेबलवर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं असतं, पण खालच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर जेमतेम चौदा-सोळा अँपिअर सापडतात. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या खात्यात दाखवलेले. शिवाय अशा जुन्या बनावटीत १२ आणि ५ व्होल्टचं नियंत्रण एकत्र असतं. १२ वर भार वाढला आणि ५ वर कमी असला की १२ खाली बसतो आणि ५ वर चढतो. हार्ड डिस्कचा भार नेमका असाच एकतर्फी असतो. तुमच्याकडे असा डबा असेल तर पुढचं काही वाचू नका, आधी तो बदला.

शेवटचा पाऊण मीटर

सोसायटीच्या गच्चीवरची टाकी भरलेली असूनही सकाळी सातला एखाद्या घरात पाणी येत नाही, तसं इथे होतं. एसएमपीएसच्या तोंडाशी ११.९ व्होल्ट असतात आणि डिस्कच्या दाराशी ११.१.

हिशोब सोपा आहे. डिस्कच्या केबलमधली वायर १८ गेजची असते आणि तिचा रोध मीटरला साधारण २१ मिलिओहम. ८० सेंटिमीटर पिवळी (१२ व्होल्टची) वायर म्हणजे १७ मिलिओहम. सहाही डिस्क एकाच केबलच्या टोकाला स्प्लिटरने लटकवल्या तर सुरुवातीला तिच्यातून १२ अँपिअर जातात आणि पिवळ्या वायरीतच ०.२ व्होल्ट गळतात. परतीच्या काळ्या वायरी दोन असतात म्हणून तिथे निम्मे, ०.१. इथवर चालून जातं. आता मध्ये एक सैल झालेला मोलेक्स (चार पिनांचा जुना पॉवर कनेक्टर) घाला, ज्याच्या पिनांचा रोध ४० मिलिओहम झाला आहे. १२ अँपिअरवर तिथे जवळपास अर्धा व्होल्ट जातो आणि त्या छोट्या प्लास्टिकमध्ये साडेपाच-सहा वॅट उष्णता तयार होते. एटीएक्स या पीसीच्या पॉवर सप्लायच्या मानकानुसार १२ व्होल्ट ११.४ च्या खाली जाता कामा नये. आपण ११.१ वर आलो.

५ व्होल्टची गोष्ट आणखी नाजूक. तिथे करंट कमी असला तरी सवलतही कमी: ४.७५ ही खालची हद्द, म्हणजे फक्त पाव व्होल्ट. एसएसडी सगळी वीज ५ व्होल्टवरूनच घेतात. त्याच साखळीत दोन एसएसडी टोचून ठेवल्या असतील तर ही पाव व्होल्टची पुंजी लवकर संपते.

कनेक्टरांनाही मर्यादा असतात. साटा पॉवर कनेक्टरला १५ पिना. त्यातल्या तीन १२ व्होल्टच्या आणि प्रत्येक पिन दीड अँपिअरची. म्हणजे एका साटा तोंडातून फार तर साडेचार अँपिअर. बाजारात ‘एक साटा ते चार साटा’ किंवा ‘एक साटा ते पाच साटा’ असे स्प्लिटर सर्रास मिळतात. त्यांवर चार डिस्क लावल्या की सुरू होताना आठ अँपिअर मागितले जातात. दोन डिस्कपर्यंत ठीक, तिसरी लावू नका. मोलेक्सच्या जाड पिना त्यामानाने बऱ्याच जास्त झेलतात, पण त्यांचा दुसरा रोग: आतली गोल पितळी नळी दर वेळी काढता-घालताना थोडी फाकते आणि मग पिनेला नुसती टेकून राहते. कनेक्टर हातात घेऊन एकेक वायर हलकेच ओढून पाहा. पिन मागे सरकत असेल तर दोषी सापडला म्हणायला हरकत नाही. कोकणात किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेत राहत असाल तर पिनांवर हिरवट पूड दिसते का तेही बघा.

मोलेक्सवरून साटा करणारे अडॅप्टर दोन जातींचे असतात, आणि हा फरक डोळ्यांनी ओळखता येतो. एकात साटा तोंडाच्या मागे झाकण असतं आणि वायर धातूच्या दातांत दाबलेली दिसते. दुसऱ्यात सगळं एका गुळगुळीत काळ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यात ओतलेलं असतं. हा ओतलेला प्रकार घेऊ नका, असेल तर आजच काढा. आतल्या वायरी एकमेकींच्या फार जवळ असतात, प्लास्टिक मऊ पडलं की १२ व्होल्ट शेजारच्या वायरीला चिकटतो आणि कनेक्टर पेट घेतो. जळालेल्या डिस्कचे अनेक फोटो याच ठोकळ्याचे असतात. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत दोन्ही जाती शेजारी-शेजारी टांगलेल्या दिसतील. दुकानदाराला पिशवी उघडून दाखवायला सांगा.

मल्टीमीटर कुठे लावायचा

बोर्डावरच्या सेन्सरवर विसंबू नका. तो बोर्डाच्या केबलवरचा व्होल्टेज दाखवतो; डिस्कच्या केबलमध्ये काय चाललंय ते त्याला कळण्याचं कारण नाही.

सर्व्हर बंद करा. डिस्क असलेल्या साखळीच्या अगदी शेवटी एखादं रिकामं मोलेक्स तोंड असेल तर उत्तम. नसेल तर शेवटच्या कनेक्टरच्या मागच्या बाजूने, वायर आत शिरते तिथे बारीक प्रोब घाला. काळा प्रोब काळ्या वायरवर, लाल प्रोब पिवळ्यावर. मीटरला ‘मिन’ ठेवायची सोय असेल तर ती लावा. आता सर्व्हर चालू करा आणि पहिली पंधरा सेकंदं आकडा पाहा. मग हेच बोर्डाच्या २४ पिनांच्या कनेक्टरमधल्या पिवळ्या वायरवर करा, आणि दोन्ही जागी लाल वायरवर ५ व्होल्टसाठी.

दोन्हीकडे आकडा बसला तर एसएमपीएस कमजोर आहे. बोर्डाकडे ११.९ आणि डिस्ककडे ११.२ असेल तर एसएमपीएसला दोष देऊ नका, वाटेत वीज गळते आहे. मग स्प्लिटरच्या आधी आणि नंतर मोजत गेलं की नेमका सांधा हाती लागतो. साध्या मीटरला मिलिसेकंदाचा झटका दिसत नाही हे खरं, पण डिस्क फिरायला लागण्याचा काळ काही सेकंदांचा असल्यामुळे या कामापुरता तो पुरतो.

हे करताना एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये बराच काळ धोकादायक व्होल्टेज राहतो.

मीटर नसेल तर गरीब माणसाची चाचणी आहे: गळणाऱ्या आणि न गळणाऱ्या डिस्कचे फक्त पॉवर कनेक्टर अदलाबदल करा, डेटा केबल जागच्या जागी ठेवा आणि एक पूर्ण स्क्रब चालवा. रोग कनेक्टरबरोबर गेला तर वायर दोषी, डिस्कबरोबर राहिला तर डिस्क किंवा तिची डेटा केबल.

दुरुस्ती

मुख्य उपाय म्हणजे भार वाटणे. एसएमपीएसमधून साटाच्या दोन आणि मोलेक्सची एक अशा तीन केबल निघत असतील तर सहा डिस्क दोन-दोन-दोन वाटा. एका केबलवर चारपेक्षा जास्त साडेतीन इंची डिस्क नकोत. मॉड्युलर (केबल काढता-घालता येणाऱ्या) एसएमपीएसच्या तोंडाची एक पिनही आठ-नऊ अँपिअरच्या पुढे ताणू नये. पाच डिस्कचा पिंजरा घेतला असेल आणि त्याच्या मागे दोन मोलेक्स असतील तर दोन्ही लावा, तेही दोन वेगळ्या केबलवरून. एकाच केबलला वाय स्प्लिटर लावून दोन्ही तोंडं भरली की पिंजऱ्यात दोन तोंडं दिल्याचा उद्देशच संपतो.

मॉड्युलर एसएमपीएस असेल तर आणखी केबल विकत घेऊन मोकळं होता येतं, पण इथे सर्वांत महागडा खड्डा आहे. केबलचं डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, एसएमपीएसकडचं टोक नसतं. कंपनी वेगळी असेल तर नाहीच, कित्येकदा एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही पिनांची मांडणी वेगळी असते. केबल मात्र खुशाल आत बसते, आणि मग ५ व्होल्टच्या पिनेवर १२ व्होल्ट येऊन साखळीतल्या सगळ्या डिस्क एका झटक्यात जातात. रेड त्यात काही करू शकत नाही. एसएमपीएस बदलताना जुन्या केबल कॅबिनेटमधून ओढून काढा, कितीही नीट बांधलेल्या असल्या तरी. नवी केबल आपल्या मॉडेलसाठीच आहे याची खात्री नसेल तर डिस्क न जोडता आधी मीटरने पिवळ्यावर १२ आणि लाल वायरवर ५ येतात का ते बघा.

वायरी सुधारल्यानंतरही सुरुवातीचा झटका कमी करायचा असेल तर डिस्क एकामागोमाग सुरू करता येतात. सर्व्हरच्या जुन्या एचबीए (डिस्क जोडायच्या कंट्रोलर) कार्डांत एका वेळी किती डिस्क फिरवायच्या आणि मध्ये किती सेकंद थांबायचं याची सेटिंग असते. काही बोर्डांच्या बायोसमध्येही पोर्टनिहाय सोय सापडते. ‘एचडीपार्म’ कमांडने डिस्कवरच ‘पॉवर-अप इन स्टँडबाय’ (वीज आली तरी लगेच न फिरण्याची सेटिंग) लावण्याचा मार्ग मी सुचवणार नाही. काही बोर्डांना अशी डिस्क दिसतच नाही आणि मग ती सेटिंग काढायला दुसरं मशीन शोधावं लागतं.

वीज वाचवायला डिस्क वीस मिनिटांनी झोपवणाऱ्यांनी एक विचार करावा. दिवसातून दहा वेळा सगळ्या डिस्क झोपून उठणार असतील तर तो दोन अँपिअरचा झटका दिवसातून दहा वेळा येतो. सहा डिस्कचे तीस-चाळीस वॅट वाचतात हे कबूल, पण कच्च्या सांध्यावर ही बचत महागात जाते. आधी सांधे पक्के करा, मग झोपवा.

याच्यासारखे दिसणारे, पण वेगळे रोग

बाहेरच्या यूएसबी डब्यातून काढलेली डिस्क सर्व्हरमध्ये लावली आणि ती अजिबात फिरत नसेल, तर तिथे वीज कमी नाही, एक पिन जास्त आहे. साटा ३.३ पासून तिसऱ्या पिनेला डिस्क बंद ठेवण्याचं काम दिलं गेलं. जुन्या पद्धतीच्या एसएमपीएसमधून तिथे ३.३ व्होल्ट येतात आणि डिस्क इमानदारीने बंद राहते. पहिल्या तीन पिनांवर कॅप्टॉन टेपची (वीज न वाहणाऱ्या पातळ टेपची) बारीक पट्टी लावा, किंवा मोलेक्सवरून वीज द्या, मोलेक्समध्ये ३.३ व्होल्ट नसतोच. हा रोग अधूनमधून येत नाही, पहिल्या दिवसापासून असतो.

वीज गेली-आली की अख्खा सर्व्हर रीस्टार्ट होत असेल तर तो यूपीएसचा किंवा एसएमपीएसच्या म्हाताऱ्या कपॅसिटरचा विषय. यूपीएस बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद घेतो, तेवढा वेळ एसएमपीएसने आतल्या साठ्यावर काढायचा असतो. तो साठा आटला की सगळंच बसतं, एखादी डिस्क नाही.

आणि रास्पबेरी पाय या छोट्या एका बोर्डाच्या संगणकावर अडीच इंची यूएसबी डिस्क चालवणाऱ्यांसाठी: पाय ४ च्या चारही पोर्ट मिळून १.२ अँपिअर मिळतात. पाय ५ ला ५ अँपिअरचा अडॅप्टर असेल तर १.६, नाहीतर फक्त ०.६. अशी एक डिस्क सुरू होतानाच एक अँपिअरच्या आसपास मागते. दुसरी डिस्क लावायची असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या, यात तडजोड नाही.

दुरुस्तीनंतर चारही आकडे पुन्हा लिहून घ्या, तारखेसकट. सर्व्हर पूर्ण थंड करून चालू करा आणि सगळ्या डिस्कवर लागोपाठ दोन स्क्रब चालवा. स्क्रब अर्ध्यावर असताना प्रत्येक कनेक्टरला बोट लावून पाहा. कोमट चालेल, बोट ठेववत नसेल तर तो बदला. १२ नंबर सर्व डिस्कवर सारखाच राहिला आणि लॉगमध्ये रिसेटची ओळ नसेल तर प्रश्न सुटला. वायर, कनेक्टर, केबल सगळं बदलूनही एकाच डिस्कचा आकडा पुढे सरकत असेल, तर तिच्या सर्किट बोर्डातच दोष आहे. आकड्यांची दोन्ही पानं जोडून ती वॉरंटीत परत पाठवा.